नदी नवी, मासा उपरा

अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या काठी गळ टाकून बसलेल्या कुणालाही विचारावं, इथे कशाला आलात? दहातले बरेच जण स्मॉलमाउथ बॅसचं नाव घेतील. काशाच्या रंगाचा, अंगावर उभे गडद पट्टे, लालसर डोळे, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उसळून डोकं झिंजाडणारा हा मासा. आकाराच्या मानाने त्याची ओढ अशी, की दीड-दोन किलोचा लागला तरी माणूस संध्याकाळभर त्याचीच गोष्ट सांगतो. पण हा मासा मुळातला पोटोमॅकचा नव्हेच. तो इथे आला रेल्वेने.

बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे रूळ ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगला पोचून एक-दोन वर्षंच झाली होती. १८५४ साली तिथल्या जनरल श्रायव्हर यांच्या पुढाकाराने व्हीलिंग क्रीकमधले तीसेक मासे धरले गेले. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या बादलीत घालून त्यांना इंजिनामागच्या टेंडरच्या, म्हणजे इंधन-पाण्याच्या डब्याच्या, पाण्यात ठेवलं. गाडी डोंगर ओलांडून मेरीलँडमधल्या कंबरलँडला आली, मासे नदीकाठच्या कालव्याच्या हौदात सोडले गेले आणि तिथून वाट काढत नदीत उतरले. नदी त्यांना इतकी मानवली की पुढे वरपासून खालपर्यंत आणि उपनद्यांतही त्यांनी बस्तान बसवलं.

त्या माशांनी नदी पोहून पाहिली. आज नव्याने तिथे गरवायला येणारा माणूस आधी घरी बसून पाहतो. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची पाणीमापन केंद्रं नदीत किती पाणी आहे ते सतत सांगत असतात. पॉइंट ऑफ रॉक्सचं केंद्र १८९५ पासून नोंदी ठेवतंय. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथून सेकंदाला दोन-तीन हजार घनफूट पाणी वाहतं, तर मोठ्या पुरात आकडा लाखाच्या वर जातो. आकडा चढता असेल आणि पाणी गढूळ असेल, तर जाणता माणूस गाडीची किल्ली पुन्हा खुंटीला लावतो.

पाणी उतरलं की उपग्रहाची छायाचित्रं कामाला येतात. हार्पर्स फेरीपासून खाली नदीच्या तळाशी खडकाच्या आडव्या धारा आहेत. कमी पाण्यात काढलेल्या चित्रात त्या स्पष्ट दिसतात. प्रत्येक धारेखाली जरा खोल पाणी, खोल पाण्यापुढे पुन्हा उथळ खळाळ. ब्रन्सविकच्या धक्क्यावरून कयाक सोडली तर पॉइंट ऑफ रॉक्सपर्यंत साधारण अकरा किलोमीटरचा प्रवास होतो. परतीसाठी दुसरी गाडीही लागत नाही. सकाळीच खालच्या धक्क्यावर सायकल बांधून ठेवायची आणि संध्याकाळी जुन्या कालव्याच्या काठाने, जिथून कधी काळी खेचरं बोटी ओढत, पेडल मारत गाडीपाशी यायचं.

खरा शोध मात्र पाय ओले झाल्यावर सुरू होतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून एखादा चपटा दगड उचलला की खालून गढूळ धुरळा उठतो आणि त्यातून क्रेफिश शेपटी आपटत मागच्या मागे पळतो. कोळंबीचाच हा भाऊबंद, पण नांग्या चांगल्या दणकट. स्मॉलमाउथचं हे आवडतं खाणं. पळणारा क्रेफिश तपकिरी आहे की हिरवट, हे पाहून डबीतून त्याच रंगाचं रबरी आमिष निघतं. मग ते नेमकं टाकायचं कुठे? मोठ्या खडकामागे पाणी संथ होतं आणि बाजूने धार वेगात जाते. या दोन पाण्यांच्या सीमेवर मासा दबा धरून असतो, कारण तिथे पोहायचे कष्ट कमी आणि खाणं मात्र वाहत समोर येतं. आमिष वरच्या अंगाला टाकून तळाशी घरंगळत येऊ द्यावं, दोरी किंचित ताठ ठेवावी. टक् असं जाणवलं की मनगटाचा एकच हिसका.

वसंतात मात्र हात आवरावा लागतो. पाणी पंधरा-सोळा अंश सेल्सियसवर गेलं की नर शेपटीने वाळू-गोटे झाडून वाटीएवढं नव्हे, चांगलं परातीएवढं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो. त्याला तिथून उचललं की इतर मासे अंड्यांवर ताव मारतात.

पोटोमॅकमध्ये या पाहुण्याला आता कुणी उपरा म्हणत नाही. भिगवणच्या हॉटेलात चिलापीवर ताव मारणाऱ्याला तरी तिचं मूळ आफ्रिकेत आहे हे कुठे आठवतं! पण कोलोरॅडो नदीवर चित्र उलटं आहे. तिथल्या लेक पॉवेल जलाशयात १९८२ मध्ये स्मॉलमाउथ सोडले गेले. दुष्काळात जलाशय खाली गेला, वरच्या थरातलं कोमट पाणी टर्बाइनच्या तोंडाशी आलं आणि त्याबरोबर मासेही धरणापलीकडे निसटले. २०२२ मध्ये या ग्लेन कॅनियन धरणाखाली त्यांची पिल्लं सापडली. पुढे ग्रँड कॅनियन, आणि तिथे हम्पबॅक चब हा पाठीवर उंचवटा असलेला स्थानिक मासा, आधीच जेमतेम तगलेला. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाच्या खालच्या दारांतून थंड पाणी सोडण्यात आलं. या दारांचं पाणी टर्बाइनमधून जात नाही, म्हणजे तेवढ्या विजेवर पाणी सोडावं लागलं. स्मॉलमाउथची वीण रोखण्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्यामुळे नव्या नदीवर निघालेला माणूस पाण्याच्या आकड्यांबरोबर त्या राज्याची नियमपुस्तिकाही उघडतो. पोटोमॅकवर बरेच हौशी स्मॉलमाउथला ओल्या हातांनी धरून अलगद पाण्यात सोडतात. यूटा राज्यात ग्रीन नदीवर तोच मासा गळाला लागला तर त्याला जिवंत सोडायला कायद्याने मनाई आहे.