माझगावच्या हवेचा आलेख काढताना अक्ष स्वतः लिहा

हिवाळा सुरू झाला की माझगावात हवेचे आलेख फिरू लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर, मंडळाच्या फलकावर, वॉर्ड ऑफिसला द्यायच्या निवेदनाला जोडून. ताडवाडी काय, अंजीरवाडी काय, घोडपदेव काय, आता घराआड एखादा मुलगा किंवा मुलगी पायथॉन शिकते आहे आणि मॅटप्लॉटलिब लायब्ररीने चार ओळींत आलेख काढते आहे. हे चांगलंच आहे, आणखी व्हायला हवं. पण या आलेखांच्या डाव्या बाजूला बरेचदा नुसते आकडे असतात. ते कशाचे, कुठल्या मापात, किती तासांचे, काही लिहिलेलं नसतं. म्हणून ही विनंती आहे: आलेख जरूर काढा, पण त्याचे अक्ष लायब्ररीवर सोडू नका.

शाळेत आलेखाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहायला लावत. न लिहिणाऱ्याचे गुण कापले जात. संगणकावर गुण कापणारं कोणी नाही, म्हणून ती सवय सुटली आहे. लायब्ररी अक्ष आखते, त्यावर आकडे मांडते, पण अक्षाला नाव देत नाही. देऊ शकतही नाही, कारण तुमच्या रकान्यात काय आहे हे तिला माहीत नसतं. ते नाव 'सेट_एक्सलेबल' आणि 'सेट_वायलेबल' या दोन ओळींत आपणच द्यायचं असतं.

माझगावच्या बाबतीत त्या एका नावावर किती गोष्टी अवलंबून आहेत ते पाहा. इथे हवा मोजणारं केंद्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचा 'सफर' हा उपक्रम मुंबईत 2015 पासून चालतो, त्यातलं हे एक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याचे आकडे मिळतात. आता कोणी 150 असा आकडा दाखवला, तर तो पीएम 2.5 या सूक्ष्म कणांचा आहे की एक्यूआय या हवा गुणवत्ता निर्देशांकाचा? 150 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही 'अतिशय वाईट' हवा आहे. 150 एक्यूआय म्हणजे 'मध्यम'. त्यातही फोनवरची काही ॲप अमेरिकेचा निर्देशांक दाखवतात, काही भारताचा. पीएम 2.5 जर 60 मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक 100 सांगतो आणि अमेरिकी निर्देशांक दीडशेच्या वर जातो. हवा तीच, केंद्र तेच. एका शेजाऱ्याच्या फोनवर दीडशे आणि दुसऱ्याच्या फोनवर शंभर दिसले की दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात, आणि मूळ तक्रार बाजूला राहते. अक्षावर 'एक्यूआय (भारत)' एवढं लिहिलं असतं तर हा वाद झालाच नसता.

एक्यूआयबद्दल आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण आलेख काढणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ती ठाऊक असते. हा निर्देशांक सरळ पट्टीसारखा वाढत नाही. पीएम 2.5 च्या हिशेबात 30 मायक्रोग्रॅमला एक्यूआय 50 होतो, 60 ला 100, 90 ला 200 आणि 120 ला 300. म्हणजे 30 पासून 60 पर्यंत कण वाढले तर निर्देशांक 50 ने वाढतो, आणि 60 पासून 90 पर्यंत, तेवढेच कण वाढले, तर 100 ने. एकच आठवडा एक्यूआयच्या अक्षावर काढला तर कडा चढल्यासारखा दिसेल आणि मायक्रोग्रॅमच्या अक्षावर काढला तर चढ सौम्य वाटेल. दोन्ही आलेख खरेच आहेत. म्हणून माझं सांगणं असं की दोन्ही अक्ष दाखवा: डावीकडे मायक्रोग्रॅम, उजवीकडे त्याच कणांचा एक्यूआय. मॅटप्लॉटलिबमध्ये यासाठी 'सेकंडरी_वायॲक्सिस' आहे. त्याला मायक्रोग्रॅमवरून निर्देशांक काढण्याचा हिशेब आणि त्याचा उलटा हिशेब, असे दोन्ही द्यायचे. उजवा अक्ष मग डाव्याला बांधलेला राहतो, मनाला येईल तसा सरकत नाही. महापालिकेने डिसेंबर 2024 च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं थांबवायला सांगितली, तेव्हा तिथला एक्यूआय 200 च्या वर गेलेला होता. ते 200 म्हणजे सूक्ष्म कणांच्या मापात किती, हे उजव्या-डाव्या अक्षावर एका नजरेत कळतं: 90 मायक्रोग्रॅम. मात्र लक्षात असू द्या, एक्यूआय अनेक प्रदूषकांतून जो सर्वांत वाईट त्याचा घेतात. दिवसाचा जाहीर एक्यूआय कधी पीएम 10 या जरा मोठ्या कणांमुळेही वर गेलेला असतो. म्हणून उजव्या अक्षाचं नाव 'पीएम 2.5 चा उपनिर्देशांक' असं लिहिणं जास्त खरं.

अक्षावर मर्यादेच्या रेषाही आखा. भारताची 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली 15. या दोन आडव्या रेषांशिवाय वाचणाऱ्याला उंची कशाशी ताडून पाहायची ते कळत नाही. पण तासातासाचे आकडे काढून त्यावर 60 ची रेषा मारू नका. ती मर्यादा 24 तासांच्या सरासरीसाठी आहे. पहाटे एका तासात आकडा 110 वर गेला म्हणून मर्यादा मोडली असं होत नाही, आणि निवेदनात तसं लिहिलंत तर समोरचा अधिकारी पहिल्याच मिनिटाला तुमचा कागद बाजूला ठेवेल.

आता शून्याची गोष्ट. मॅटप्लॉटलिब स्तंभालेख शून्यापासून काढते, रेषालेख मात्र तुमच्या आकड्यांच्या आसपास कापून घेते. समजा सोमवारी पीएम 2.5 चं प्रमाण 92 मायक्रोग्रॅम होतं आणि शनिवारी 84. लायब्ररीने स्वतः ठरवलेल्या अक्षावर ही रेषा चित्राच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत कोसळते. पाहणाऱ्याला वाटतं, हवा साफ झाली. खरी घट दहा टक्केही नाही, आणि 84 सुद्धा मर्यादेच्या कितीतरी वर. तापमानाच्या आलेखाला शून्याची सक्ती नको, मी ते मानते. प्रदूषणाच्या आलेखाला हवी, कारण इथे शून्याला अर्थ आहे. 'सेट_वायलिम' मध्ये खालचं टोक शून्य द्या. कुठे अगदीच जमत नसेल तर अक्षाच्या बुडाशी शाळेत काढायचो ती नागमोडी खूण काढा आणि 'अक्ष 80 पासून' असं शब्दांत लिहा.

आडव्या अक्षावर फसगत जास्त होते, आणि ती लवकर दिसत नाही. फाइलमधल्या तारखा मजकूर म्हणून वाचल्या गेल्या तर लायब्ररी त्यांना तारखा समजतच नाही. प्रत्येक ओळीला सारखं अंतर देते. केंद्र चार दिवस बंद असेल तर ते चार दिवस आलेखातून नाहीसे होतात, आणि गुरुवारच्या शेजारी मंगळवार येऊन बसतो. आकड्यांच्या रकान्यात एखाद्या जागी मजकूर असला तर उभ्या अक्षावरही तसंच होतं: आकडे लहान-मोठ्याच्या क्रमाने न लागता ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लागतात. पांडाज ही लायब्ररी वापरत असाल तर 'टू_डेटटाइम' ने तारखा आधी खऱ्या तारखा करून घ्या. मग हरवलेले दिवस रिकामे म्हणून परत घाला, म्हणजे रेषा तिथे तुटेल. तुटू द्या. जिथे नोंद नाही तिथे सरळ रेष ओढणं म्हणजे न मोजलेली हवा मोजली असं सांगणं.

पाऊस आणि प्रदूषण एकाच चित्रात दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, 'ट्विनएक्स' ने ते सोपंही आहे. माझ्या मते टाळा. डावीकडे मायक्रोग्रॅम, उजवीकडे मिलिमीटर, आणि दोन अक्षांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोणताही एक ताणला की दोन रेषा हव्या तिथे भेटवता येतात. त्याऐवजी एकाखाली एक दोन आलेख ठेवा, तारखांचा अक्ष सामाईक. जुलैत पाऊस असताना कण खाली बसलेले आणि डिसेंबरात वारा पडल्यावर साचलेले, हे तसंही स्पष्ट दिसतं.

केंद्राचं नाव न चुकता लिहा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला साधारण 74. त्या दिवसाच्या नुसत्या 'मुंबईचा पाऊस' अशा अक्षातून काय कळलं असतं? माझगाव, भायखळा, शिवडी इथली केंद्रं वेगळी आहेत, त्यांची हवाही.

मराठीत नावं द्यायची तर एक अडचण आहे. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन उमटतात. देवनागरी फॉन्ट दिला तरी जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट बसेलच असं नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्लॉटली किंवा डी3 या लायब्ररींमध्ये हा त्रास होत नाही, कारण अक्षरं ब्राउझर जुळवतो. अडचण आहे म्हणून इंग्रजीवर जाऊ नका. ज्या आजींना दम्याचा त्रास आहे त्यांना तो आलेख वाचता यायला हवा.

भायखळ्याच्या ई विभाग कार्यालयात निवेदन देताना आलेखाखाली केंद्र, आकड्यांचा स्रोत, ते कोणत्या तारखेला घेतले आणि सरासरी किती तासांची, हे चारही लिहा. मूळ आकड्यांची फाइल सोबत जोडा, म्हणजे ज्याला शंका येईल तो तोच आलेख पुन्हा काढून पाहू शकेल.