सालदाराचा श्वास कोणाच्या वहिवाटीत?

पहूरच्या शिवारात कपाशी छातीला लागली की फवारणीचे दिवस येतात. पाठीवर पंप, अंगात घामाने भिजलेला सदरा आणि नाकातोंडावर एक रुमाल, अशा थाटात आमचा सालदार शेतात उतरतो. त्या रुमालाला संरक्षण म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द आम्हांस मान्य नाही.

रुमाल धूळ अडवील, फवाऱ्याचे मोठे थेंबही काही वेळ अडवील. परंतु ज्या द्रावकात हे विष विरघळविलेले असते त्याची वाफ म्हणजे धूळ नव्हे. वाफेचा रेणू इतका सूक्ष्म की कापडाची वीण त्यास उघड्या दारासारखी. शिवाय रुमाल ओला झाला म्हणजे तेच विष तो ओठांशी धरून ठेवतो. (गावोगाव ज्यास 'औषध' म्हणतात त्यास विष म्हणावयास आपण कधी शिकणार, हा प्रश्न वेगळाच.)

वाफ गाळता येत नाही. ती पकडून ठेवावी लागते. हे काम सक्रिय कोळसा करतो. पहिल्या महायुद्धात नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे मुखवटे सैनिकांस मिळाले होते. पुढे कोळशाचेच तंतू निघाले. रेयॉनसारखा धागा हवेवाचून तापवून कोळसा करावा, मग पाण्याच्या वाफेने वा कार्बन डायऑक्साइडने तो पोखरावा. 1 ग्रॅम तंतूत 1000 चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग तयार होतो. टेक्सास टेक विद्यापीठातील शेषाद्री रामकुमार यांनी तर कोळशाचा थर मध्ये घालून 'फायबरटेक्ट' नावाचे न विणलेले कापड सिद्ध केले. त्याचे बाहेरचे थर कापसाचेही करता येतात. विषारी रसायनांपासून बचाव हाच त्याचा हेतू आहे. कापूस तेथवर पोहोचला. कापसावर विष फवारणारा मात्र रुमालापाशीच उभा आहे!

हे अज्ञानामुळे घडते काय? मुळीच नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांतील 40 वा नियम स्पष्ट सांगतो की, विषारी धूळ, वाफ वा वायू श्वासात जाऊ नये म्हणून कामगारांनी रासायनिक कार्ट्रिजचा अथवा कॅनिस्टरचा मुखवटा वापरावा. रुमालाचे नावही त्यात नाही. परंतु 1968 च्या मूळ कायद्याचे कलम 38 पाहा. घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी, अथवा स्वतःच्या वहिवाटीतील जमिनीसाठी कीटकनाशक वापरणारास हा कायदा लागू नाही. लहान शेतकऱ्यामागे परवान्यांचा ससेमिरा लागू नये, हा हेतू योग्यच आहे. पण मजुरी देऊन दुसऱ्याकडून फवारून घेणारा मालकही त्याच कलमाच्या सावलीत बसतो. जमीन मालकाच्या वहिवाटीतील खरी. मजुराची फुप्फुसेही काय त्याच सातबाऱ्यावर चढली आहेत? स्वतःचा धोका पत्करणारास दिलेली सूट दुसऱ्यास धोक्यात घालणाराने वापरावी, हा अर्थ आम्ही तरी स्वीकारणार नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसांहून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयांत पडली. त्यांत भूमिहीन मजूर होते. तेव्हाही बोलबाला झाला तो मजुरांच्या निष्काळजीपणाचा! मुखवटा दिला तरी ते घालीत नाहीत, असे आजही ऐकू येते. भाद्रपदाच्या उकाड्यात रबरी मुखवटा लावून पंप वाहणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. पण यावरून हलके, श्वास घेऊ देणारे कापड हवे असा निष्कर्ष निघतो. काहीच नको, असा नव्हे.

कोळशाचे कापड म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. थेंबांसाठी गाळणीचा निराळा थर लागतो. कोळसा भरला की निरुपयोगी होतो, तो वेळेवर बदलावा लागतो. आणि विष कातडीतूनही शिरते. म्हणून हातमोजे, बूट, पूर्ण अंगरखा सुटत नाही.

आमची मागणी अशी की, कलम 38 ची सूट मजुरी देऊन फवारणी करून घेणारास नाही, असे संसदेने स्पष्ट शब्दांत लिहावे. विषाच्या बाटलीसोबत त्या विषास योग्य असे कार्ट्रिज विकणे दुकानदारावर बंधनकारक करावे, आणि त्याची किंमत मालकाने द्यावी, सालदाराच्या सालातून कापून नव्हे.