लॉगिन चालतंय ना, मग हात कशाला लावता?

दोन दिवस सुट्टी काढून गावी आलोय, पवनीच्या पुढे, वैनगंगेच्या काठाला. काल सकाळी आजीला घेऊन रेशन दुकानात गेलो. मशीनवर तिचा अंगठा पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदाही नाही. जन्मभर धानाच्या बांधीत रोवणी केलेल्या बाईच्या बोटांवर रेषा राहतात कुठे? तिसऱ्यांदा लागला. आजी म्हणाली, "घेतलं बाबू त्यानं, चाल." 'त्यानं' म्हणजे मशीननं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ऑफिसचा मेल. आमच्या एका क्लायंटच्या लॉगिन सर्व्हरचा सिक्युरिटी अपडेट पुढच्या क्वार्टरला ढकलला आहे. कारण? "सध्या सर्व सुरळीत चालू आहे."

मंडळी, डोकंच फिरलं. म्हणून हे लिहितोय.

हा अपडेट तिसऱ्यांदा पुढे गेला. पहिल्यांदा रिलीज होती. दुसऱ्यांदा कुठल्यातरी मोठ्या साहेबांना डॅशबोर्डचा डेमो द्यायचा होता, म्हणून 'आत्ता कशालाच हात लावू नका'. आणि आता काहीच नाही, म्हणून नाही! खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मीही मान डोलावली होती. शुक्रवारी रात्री जागून सर्व्हर अपडेट करण्यापेक्षा घरी जाऊन झोपावं असं कोणाला वाटणार नाही? नशिबाने काही झालं नाही. आणि तोच घोळ झाला. काही झालं नाही, हाच पुढच्या वेळी न करण्याचा पुरावा ठरला.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही ऑफिसच्या एका ठिकाणी लॉगिन करता आणि मेल, पगाराची स्लिप, ग्राहकांचा डेटा, सगळी दारं उघडतात. प्रत्येक दारावर पासवर्ड विचारत नाहीत. लॉगिन सर्व्हर एक टोकन देतो, त्यावर त्याची डिजिटल सही असते आणि बाकीची सॉफ्टवेअर फक्त ती सही तपासतात. तहसील कार्यालयाच्या शिक्क्यासारखंच. शिक्का दिसला की दाखला खरा. आता शिक्काच चोरीला गेला तर? किंवा शिक्का ज्या कपाटात आहे त्याचं कुलूप कसं उघडतं हे गावभर झालं असेल तर?

सिक्युरिटी अपडेट नेमकं हेच जाहीर करतो. तो आला की आपल्याला कळतं की भोक आहे, पण चोरालाही त्याच दिवशी कळतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की भोक कुठे होतं ते सापडतं. म्हणजे अपडेट यायच्या आधी जेवढा धोका होता, त्यापेक्षा तो आल्यावर न लावण्यात जास्त आहे. "इतके दिवस चाललं ना" हा युक्तिवाद त्या दिवशीच मरतो.

उदाहरणं हवीत? ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'झीरोलॉगॉन' या दोषाचा अपडेट दिला. हा दोष कंपन्यांमधली सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्येच होता आणि धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० होते. सप्टेंबरमध्ये तो कसा वापरायचा याचा तपशील बाहेर आला आणि १८ सप्टेंबरला, शुक्रवारी, अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांना आदेश काढला : सोमवार संपायच्या आत अपडेट लावा. शुक्रवारी आदेश, सोमवारी मुदत! जे काम आमच्याकडे क्वार्टरवर ढकलतात ते.

आपल्याकडचं बघा. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' पसरला आणि जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. या मालवेअरने विंडोजच्या ज्या दोषाचा फायदा घेतला, त्याचा अपडेट १४ मार्चलाच आला होता. तब्बल १०५ दिवस आधी! शिवाय तो एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलून दुसऱ्या, अपडेट केलेल्या मशीनमध्येही शिरत होता. म्हणजे एकाच्या आळसाची शिक्षा शेजाऱ्याला.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण थोडं वेगळं, तो अपडेटचा किस्सा नाही. पण 'हो' म्हणणारी यंत्रणा दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं ते तिथे दिसलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही. मधे बसवलेल्या खोट्या यंत्रणेनेच 'द्या पैसे' सांगितलं. काही तासांत २८ देशांतून पैसे निघाले, सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. खातेदारांपैकी कोणी ओटीपी सांगितला नव्हता, बरं का! रोज उठून सामान्य माणसाला 'ओटीपी सांगू नका' म्हणून दटावणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

"अरे पण आम्ही क्लाउडवर आहोत, ते बघतील." हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. क्लाउडवाला त्याचा भाग बघतो. तुमच्या ऑफिसातला जुना डिरेक्टरी सर्व्हर त्याला जोडणारा एजंट, तुमच्या अॅपमधली चार वर्षांपूर्वीची लॉगिन लायब्ररी, सोडून गेलेल्या माणसाचं उघडं खातं... हे सगळं तुमचंच. आणि क्लाउडवालाही काही देव नाही. २०२३ मध्ये हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची एक सही करायची किल्ली वापरून खोटी टोकनं बनवली आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याचे मेल वाचले. सात वर्षं जुनी किल्ली चालली कशी? अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाचा २०२४ चा अहवाल सांगतो की किल्ल्या हाताने बदलताना एकदा सेवा बंद पडली, म्हणून २०२१ मध्ये त्या बदलणंच थांबवलं होतं.

परत वाचा. बदलताना बंद पडलं, म्हणून बदलणं थांबवलं. आमच्या मेलमध्ये आणि यात काय फरक आहे?

आता दुसरी बाजू. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसली, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. त्यामुळे अपडेटची भीती खुळी नाही, मान्य. लॉगिन सर्व्हर बसला तर सगळी कंपनी दाराबाहेर. पण त्यावर उपाय आधी चाचणी सर्व्हरवर लावणं, मग थोड्या लोकांवर, मग सगळ्यांवर, आणि मागे फिरायची वाट तयार ठेवणं हा आहे. लावायचंच नाही हा उपाय नव्हे. गाडी ठोकली म्हणून ब्रेक दुरुस्त करणं बंद करतो का आपण?

आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले, पाळी घातल्या, बोड्या खोदल्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाळ जागेवरच राहिली, पण दर उन्हाळ्यात गाळ कोणी काढायचा, पाळीवर माती कोणी टाकायची, हे धड कोणाचंच काम उरलं नाही. गाळ साचत गेला. नवा तलाव झाला तर फीत कापायला शंभर लोक येतात, गाळ काढायला कोण येणार? आमच्या ऑफिसात नव्या फीचरला केक कापतात. अपडेट लावणाऱ्याला फक्त काही बिघडलं तरच फोन येतो.

तर माझं म्हणणं साधं आहे. लॉगिनच्या सॉफ्टवेअरचा गंभीर अपडेट आला की तो दिवसांत लागला पाहिजे, क्वार्टरमध्ये नाही. तो लावायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी, 'टीम'च्या नाही. पुढे ढकलायचा असेल तर ढकलणाऱ्या साहेबाने स्वतःच्या सहीने, कारण लिहून ढकलावा. आणि रात्र जागून तो लावणाऱ्याची नोंद अप्रेझलमध्ये व्हावी. बस्स.

हे सगळं कोणासाठी? आपण जी सॉफ्टवेअर लिहितो त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी तीनदा अंगठा लावून, 'घेतलं' म्हणून निश्चिंत होऊन घरी जातं. आत काय चाललंय हे तिला बघता येत नाही. ते बघण्याचा पगार आपण घेतो.

त्या मेलला मी रात्री उत्तर पाठवलंय. धोका काय ते लिहिलं, पुढच्या शनिवारी मी स्वतः बसतो असंही लिहिलं, आणि नाही म्हणायचं असेल तर कोणाच्या नावाने ते विचारलं. साहेब चिडणार बहुतेक :)

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा. तुमच्या लॉगिन सर्व्हरची आवृत्ती कोणती आणि शेवटचा अपडेट कधी लागला, एवढंच विचारा. उत्तर द्यायला कोणी पुढे आलंच नाही, तर तुमचाही गाळ साचलाय असं समजा.