निधी कोणाच्या रक्षणासाठी?

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेने देश हादरला आणि केंद्राच्या २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांच्या निर्भया निधीची घोषणा झाली. पुढे याच निधीतून मुंबईसह ८ महानगरांसाठी ‘सुरक्षित शहर’ प्रकल्प मंजूर झाला. जून २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी सुमारे ३० कोटी रुपये खर्चून २२० बोलेरोंसह अनेक वाहने घेतली. ती पोलीस ठाण्यांकडे गस्तीसाठी जायची होती. त्यांपैकी काही मात्र सत्तांतरानंतर आमदार-खासदारांच्या संरक्षणताफ्यात धावू लागली, हे त्याच वर्षी डिसेंबरात उघड झाले.

लोकप्रतिनिधींना संरक्षण नको, असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा भार रात्रपाळीहून एकटीने परतणाऱ्या भगिनीच्या वाट्यातून का उचलावा? विनियोग प्रमाणपत्र पैसा खर्च झाल्याचे सांगते, गाडी कोठे उभी आहे हे सांगत नाही. नेमकी हीच फट बुजवली पाहिजे. अशा निधीतील प्रत्येक वाहनाची नेमणूक व गस्तीची नोंद पोलीस ठाण्याच्या फलकावर लागावी आणि प्रभागातील जागरूक नागरिकांनी ती पडताळावी. राज्य कोणाचेही असो, मातृशक्तीच्या नावाने आलेला पैसा तिच्याच रक्षणार्थ वेचला जाणे, हाच राजधर्म होय.