शिपाई

मराठी भाषेत ‘शिपाई’ हा शब्द दोन माणसांस लागतो. एक सीमेवर बंदूक घेऊन उभा राहणारा. दुसरा शाळेत वा कचेरीत घंटा वाजविणारा आणि सूचनेची वही वर्गावर्गांतून फिरविणारा. मूळ शब्द फारसी, सैन्याशी संबंध असलेला. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. शब्दांचे अर्थ उकलून सांगणे हाच आमचा व्यवसाय. तथापि ह्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच देहाने आमच्या डोळ्यांसमोर तेवीस वर्षे वावरत होते, हे ध्यानात येण्यास आमची सेवानिवृत्तीही उलटून जावी लागली.

शाळेतील ह्या गृहस्थांस मुले ‘मामा’ म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणत असू. सातारा जिल्ह्यातले. १९६५ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, बेळगावास कवायत शिकले आणि पहिल्या बटालियनीत, म्हणजे जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात तीत, दाखल झाले. १९८२ साली पेन्शन घेऊन परत आले, तेव्हा वय पस्तीस. जवानाची निवृत्ती ही अशीच असते. ज्या वयात आमच्यासारख्याची नोकरी नुकती कोठे कायम होते, त्या वयात त्याची संपलेली असते. मुले शाळेत असतात, आणि जमीन तोपर्यंत भावांत वाटली गेलेली असते. दोन वर्षांनी मामा आमच्या शाळेत घंटेपाशी येऊन उभे राहिले.

ते माजी सैनिक आहेत हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. अर्जातच तसे लिहिले होते. दरवर्षी ७ डिसेंबरास सैन्याचा ध्वजदिन येई. तो १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी वीरधर्मावर भाषण करण्याचे काम आमच्याकडे असे. आम्ही अभिमन्यूपासून आरंभ करून बाजीप्रभूंपर्यंत येत असू, आणि मामा निधीचा डबा घेऊन रांगांमधून फिरत. मुले नाणी टाकीत. भाषण संपेपर्यंत ते दाराशी उभे राहत. त्यांस दोन शब्द बोलावयास सांगावे, हे आम्हांस एकदाही सुचले नाही.

पुढे तीनच दिवसांनी, १० डिसेंबरास, मामा दिवसभर काही खात नसत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत उपासतापास जाणणारी मंडळी पुष्कळ. इंग्रजी तारखेने येणारे हे कोणते व्रत, म्हणून थट्टा होई. ‘डिसेंबरी एकादशी’ हे नाव आम्हीच दिलेले. आणखीही एक सांगितले पाहिजे. मामांस डाव्या कानाने ऐकू येत नसे. एकदा परीक्षेच्या दिवशी आम्ही मारलेली हाक त्यांच्या कानी पडली नाही व घंटा पाच मिनिटे उशिरा झाली. ‘ऐकू येत नसेल तर घरी बसावे,’ असे आम्ही त्यांस मुलांदेखत बोललो. “चुकलं, गुरुजी,” एवढेच म्हणून ते गेले.

एकदा आम्ही नववीच्या वर्गात अक्षौहिणीचे गणित फळ्यावर मांडले होते. एका अक्षौहिणीत पदाति १,०९,३५०. अठरा अक्षौहिणींत १९,६८,३००. मामा वही घेऊन आले होते. आकडा वाचून म्हणाले, “गुरुजी, ह्यातलं माघारी किती आलं?” आम्ही पांडवांकडील सात आणि कौरवांकडील तीन अशी दहा नावे घडाघडा सांगितली. ते म्हणाले, “ही समदी रथातली झाली. पायदळातलं?” मुले हसली. तास पुढे चालवावयाचा होता, आम्ही वहीवर सही करून ती परत दिली.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी आम्ही बँकेत रांगेत उभे होतो. पुढे मामाच होते. जिवंत असल्याचा पुरावा दोघांनाही द्यावयाचा होता. निघताना म्हणाले, “धा तारखेला पलटणीतलं दोगं येत्यात. या की. तुमी घर बघितलं न्हाई आमचं.”

आम्ही गेलो. एक पाहुणे कराडकडचे, आता पिठाची गिरणी चालविणारे. दुसरे पुण्यात एका बँकेच्या दाराशी वीस वर्षे पहारा केलेले. तिघेही उपाशी, आणि तिघेही मोठमोठ्याने बोलणारे. कान एकट्या मामांचेच गेले नव्हते.

त्या तारखेचा इतिहास आम्ही आदल्या दिवशी मुद्दाम वाचून गेलो होतो. जमालपूर हे जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठचे गाव. तेव्हा पूर्व पाकिस्तानात, आता बांगलादेशात. १९७१ च्या डिसेंबरात तेथे ३१ बलुच ही पलटण ठाण मांडून होती. नदी उतरून मराठे गावाच्या दक्षिणेस टांगाईलच्या रस्त्यावर जाऊन बसले. पलटणीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल ब्रार यांच्याकडे होते. ९ तारखेस भारतीय ब्रिगेडियरने शरण येण्याविषयी पत्र धाडले, त्याच्या उत्तरात कागदासोबत बंदुकीची गोळी आली. १० तारखेच्या रात्री वेढा फोडून निघालेले बलुच थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. पहाटेपर्यंत त्यांची दोनशेंवर माणसे पडली. दुसऱ्या सायंकाळी ही पलटण पुंगलीच्या पुलापाशी हवाई छत्रीतून उतरलेल्या सैनिकांस जाऊन मिळाली, आणि १६ तारखेस ढाका पडले.

हे आम्ही मोठ्या उत्साहाने बोलून दाखविले. तिघांनी ऐकून घेतले. मग गिरणीवाले म्हणाले, “तसंच आसंल, गुरुजी. आमाला पुढचा रस्ता तेवढा दिसत हुता.”

त्यांच्या बोलण्यात जय नव्हता, पराजय नव्हता. मोर्चा खणताना पायाखाली लागलेली ओल होती. एकाचा स्वेटर दुसऱ्याने घातला आणि तो परत करावयाचा राहून गेला, त्यावरून पन्नास वर्षे चाललेले भांडण होते. मग उजाडल्याची गोष्ट निघाली. रस्त्यालगत एक जखमी बलुच पडला होता. मामांनी त्यास बाटलीतले पाणी पाजले. तो काही बोलत होता, परंतु रात्रभरच्या आवाजाने मामांचे दोन्ही कान बंद झाले होते. “व्हट हालत्याती, एवढंच दिसलं. उजवा कान दोन दिसांनी आला. तवर त्यो गेला आसंल.” त्याच्या खिशातील पत्र कोणास वाचता आले नाही. मामा थांबले, बँकेवाल्यांनी विडीचे बंडल पुढे सरकविले.

मामी दारात उभ्या होत्या. आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, धा तारखेला जेवत न्हाईत, एवढंच आमाला ठावं. पानी पाजल्यालं आजच ऐकलं.” लग्नास त्यांच्या बावन्न वर्षे झाली.

रात्री पिठले-भाकरी झाली. तिघांनी एकदमच पहिला घास घेतला. जेवणानंतर मामांनी शाळेचीच एक जुनी वही काढली. हात कापतो म्हणून त्यांच्या सेक्शनीतील दहा जणांची नावे आमच्या अक्षरात उतरवून द्यावी, असे त्यांचे म्हणणे. कोण तेथेच राहिला, कोण घरी येऊन दारूत गेला, कोणाचा लेक पलटणीत आहे, हे एकेक नाव घेऊन सांगत होते आणि आम्ही लिहीत होतो. नवव्या नावाशी वाद पडला. त्याचे गाव कोणते? त्या नावाची गावे दोन, एक पाटण तालुक्यात, एक कोकणात. गिरणीवाले एक म्हणत, मामा दुसरे. त्याला पहाटे उचलून नेला तो मामांनीच, पण गाव विचारावयाचे राहून गेले होते.

त्या नावापुढे आम्ही जागा मोकळी सोडली आहे. बँकेवाले पुण्यास जाऊन कळविणार आहेत.