गेम अडकतोय? नेटला शिव्या घालण्याआधी सर्व्हरची मेमरी लिमिट बघा

समजा, महाडला चवदार तळ्याजवळ राहणारे चार मित्र कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचं जावा एडिशन खेळतायत. मुंबईच्या डेटा सेंटरमधला ४ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतलाय. पाचवा आला की गेम अडकतो. लगेच निकाल लागतो: "महाडला नेटच धड नाही!"

जरा हिशोब करू. मुंबई-महाड अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. टॉवर आणि राउटरमुळे पिंग वाढतो, हे खरं. पण पिंग स्थिर असूनही सगळ्यांचाच गेम एकदम अडकत असेल, तर संशय सर्व्हरवर घ्या. माइनक्राफ्ट सेकंदाला २० टिक चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. त्यात काम उरकलं नाही की लॅग.

लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामला दोन प्रकारची मेमरी मर्यादा लावता येते. 'मेमरी हाय' ओलांडली की कर्नल प्रोग्रामचा वेग मुद्दाम कमी करतो आणि मेमरी परत घेऊ लागतो. गेम बंद पडत नाही, नुसता रखडतो. 'मेमरी मॅक्स' गाठली आणि मेमरी मोकळी करता आली नाही, तर कर्नल प्रोग्राम थेट मारून टाकतो. डॉकरमध्ये तेव्हा बहुतेक वेळा १३७ हा एक्झिट कोड दिसतो. शेवटच्या सेव्हनंतर बांधलेलं सगळं जातं.

नेहमीची चूक कोणती? लिमिट ४ जीबी आणि जावाची 'एक्सएमएक्स' सेटिंगही ४ जीबी. 'एक्सएमएक्स' फक्त हीपची मर्यादा ठरवते. थ्रेड आणि बाकीच्या कामांना जावा वेगळी मेमरी घेतं. म्हणून हीप ३ जीबीच्या आसपास ठेवा, उरलेली जागा मोकळी सोडा. बहुतेक होस्टिंग पॅनेल फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतात.

हे आताच का सांगतोय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला, पण ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळं स्थान दिलं. उद्या तालुक्याच्या गावात टूर्नामेंट भरवायची, तर फायनल मधेच बंद पडून चालणार नाही. महागडा प्लॅन घेण्याआधी ही एक सेटिंग तपासा. तिला पैसे पडत नाहीत.