‘कॅटेगरीतून ना?’

चिकपेटला लागून असलेल्या अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांत एक इंग्रजी प्रेमकादंबरी मिळाली. वर्गातले पहिला-दुसरा नंबरवाले भांडतात, मग प्रेमात पडतात. आड येतो फक्त अहंकार. एमएला मीही अशाच स्पर्धक मैत्रिणीच्या प्रेमात होतो. नेटला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले, तर म्हणाली, “कॅटेगरीतून ना?” आमच्या आड अहंकार नव्हता, जात होती.

खर्ड्याच्या नितीन आगेला तर सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून २०१४ मध्ये मारलं गेलं. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. पण आधी बरोबरी मान्य हवी. मित्रांनो, प्रेम टिकावं म्हणून स्वतःचे गुण लपवू नका.